चोरटाका

रविवार, ५ जून

तुझ्या नावाआधी काय लिहायचं ते ठरत नाही. 'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, 'सौ.' आता लिहिता येत नाही, आणि 'श्रीमती' लिहिलं तर मीच मेल्यासारखं वाटतं. म्हणून सरळ गाजरापासून सुरू करतो.

मागच्या खेपेला चिमणी जे गाजर घेऊन गेली, नारिंगी फेल्टच्या जाड कापडाचं, हिरव्या शेंड्याचं, त्याची शिवण बुडाशी उसवलेली होती. मला ते ठाऊक होतं. दुरुस्त करायला म्हणून बाजूला काढलं होतं आणि पोरीने घाईत तसंच पिशवीत कोंबलं. काल ती आली तेव्हा ते गाजर परत आलं. शिवलेलं.

कुणी शिवलं?

तू नाही शिवलंस. आपल्या अख्ख्या संसारात तू माझ्या शर्टाला एकदाच बटण लावलंस, तेही शर्टाच्या दोन्ही बाजू एकत्र धरून. तो शर्ट मला पुढे डोक्यातून घालावा लागायचा. तेव्हा तू सुई हातात धरलीस असं मला सांगू नकोस. माझ्या वस्तूला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मला चालत नाही, म्हणून मी तो दोरा कापून टाकला आणि गाजर पुन्हा शिवलं. नीट बघितलंसुद्धा नाही. बघायची गरज नव्हती.

फोनवर बोललं की भांडण होतं, म्हणून काय ते लिहायचं आणि पोरीच्या दप्तरात ठेवायचं, हे तूच ठरवलंस. मी पाळतोय. पाकीट चिकटवलेलं आहे. वाटेत कुणी उघडलं तर मला कळेल.

दुसरी गोष्ट. तू म्हणाली होतीस, प्लॅस्टिकची भातुकली नको, ती सगळं तोंडात घालते. म्हणून मी हे फेल्टचं सुरू केलं. कारखान्यात गाडीच्या सीटांखाली घालायचं फेल्ट उरतं, पण ते करडं असतं आणि करडा पाव कोण खाणार? रंगीत मी बाहेरून आणतो. पाव, अंडं, केळं, वाटाण्याची शेंग. शेंगेतले दाणे आतून असे बांधलेत की बैलाने ओढले तरी निघणार नाहीत. मणी नाही, बटण नाही. मालक म्हणतो, "एवढी मेहनत सीटांवर घेतलीस तर माझं नाव होईल." हे सगळं चिमणीसाठी. बाकी कुणासाठी नाही.

काल तिने माझ्या खोलीत सतरंजीवर हॉटेल मांडलं. ताटल्या तीन. एक तिची. एक तुझी. मला वाटलं, तिसरी माझी. मी हात पुढे केला तर म्हणाली, "ती गिऱ्हाईकाची आहे."

"कुठलं गिऱ्हाईक?"

"आमचं."

"कोण येतं ग तुमच्याकडे?"

तिने दोन्ही हात तोंडावर धरले. सहा वर्षांचं पोर असं कधी करतं? सांगू नकोस म्हणून कुणी बजावलं असेल, तेव्हा करतं.

आणि शब्द बघ काय शोधलाय. गिऱ्हाईक. ते आलं, ते गेलं, ते जेवलं. बाई की बाप्या, काही कळायची सोय नाही. एवढी हुशारी तिची नाही. तुझी आहे.

कोण येतं, एवढंच कळव.

— चिमणीचा बाबा


रविवार, १९ जून

तुझं उत्तर मिळालं. तुझ्या औषधांच्या दुकानातल्या पावतीच्या मागे दोन वाक्यं: "चिमणी खेळते आहे. तिला खेळू दे." काउंटरवर गर्दी होती वाटतं. की तिसरं वाक्य लिहायचं धाडस झालं नाही?

तुझं आणि नानांचं म्हणणं एकच, की मी संशयी आहे. मी संशयी नाही. मी बारकाईने बघतो. शिवण सूतभर वाकडी गेली तर मला दुरून दिसते, त्याच्यावर माझं पोट चालतं. कारखान्यात जो गुण तो घरी आला की दुर्गुण कसा होतो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही. नानांनी तर नाहीच. स्वतःचा बाप, आणि आपल्या शेवटच्या बैठकीत सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "मुलगा माझा आहे, पण चूक त्याची आहे. सुनेला जाऊ द्या." त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेलो नाही. ते ताईकडे आहेत, लेकीच्या घरी सुखात आहेत. असू देत.

आता मुद्द्याचं. काल चिमणी ऑर्डर घेऊन आली. "गिऱ्हाईकाला मासा पाहिजे. आणि काटे काढता आले पाहिजेत. त्याच्या घशाला काटे चालत नाहीत."

मी शिवला. अगदी मन लावून शिवला, कारण शिवताना तिच्याशी बोलता येतं. करड्या फेल्टचं अंग, त्यावर धावदोऱ्याने खवले, पोटाला फट, आणि फटीतून ओढून काढायचा पांढरा काटा. तो काटा बघून ती नाचली. मग शेपटी लावता लावता मी म्हटलं, चल, आज मी गिऱ्हाईक. मी जेवायला आलो.

"या, बसा," ती म्हणाली.

"तुमचं रोजचं गिऱ्हाईक कुठे बसतं हो?"

"ते बसत नाही. झोपतं."

माझ्या हातातली सुई बोटात गेली. तरी मी आवाज बदलला नाही. "कुठे झोपतं?"

"खोलीत."

"आणि आई?"

"आई माझ्याजवळ. बाहेर. खोली गिऱ्हाईकाला दिली ना."

"गिऱ्हाईक तुझी पापी घेतं का?"

"घेतं. दाढी टोचते."

झालं. दाढी आली म्हणजे लिंगाचा प्रश्न सुटला. तू बाहेर झोपतेस म्हणे. पोरीला तसं सांगायला शिकवलंस की खरंच झोपतेस, ते देव जाणे. पण स्वतःची खोली सोडून देण्याइतका मोठा हा कोण पाहुणा? तू मला कपाटातला एक कप्पा दिला नव्हतास.

तू कुणाला ठेवावंस याच्याशी माझा संबंध नाही. कागदावर सही केली तेव्हाच तो संपला. पण माझी मुलगी त्या घरात आहे. तिला जो माणूस जवळ घेतो त्याचं नाव मला कळलं पाहिजे. हे मागणं जास्त आहे का?

मासा पाठवला आहे. खरं तर पाठवायचा नव्हता. मी शिवायचं आणि त्याने खायचं, असा हा व्यवहार मला मान्य नाही. पण ती रडायला लागली.


रविवार, ३ जुलै

तू उत्तर दिलं नाहीस, म्हणून मी स्वतः बघून आलो. लपवत नाही. गुरुवारी मालकाला दात दुखतोय असं सांगून निघालो आणि तुझ्या घरासमोर वह्या-पेनांचं दुकान आहे तिथे उभा राहिलो. दुकानदाराने कितीदा विचारलं, काय हवंय. शेवटी एक पट्टी घेतली.

तुझ्या गॅलरीत दोरीवर पुरुषाचा पायजमा वाळत होता. दोन बनियन. आणि एक मोठा टॉवेल, जो आपला नव्हता. मी सगळे टॉवेल ओळखतो.

मग एक माणूस आला. तिशीतला, तब्येतीने दणकट, खांद्याला बॅग. खाली नावं वाचली नाहीत, कुणाला काही विचारलं नाही, सरळ जिना चढला. म्हणजे पायाखालचा रस्ता आहे. बराच वेळ वर होता. तू दार उघडलंस ते मला समोरून जिन्याच्या खिडकीतून दिसलं. तू केस बांधत होतीस आणि त्याच्याशी हसून बोललीस.

तो दाढीवाला नव्हता. म्हणजे माणसं दोन आहेत की त्याने दाढी काढली?

मी वकिलाशी बोललो आहे. तो म्हणाला, मुलीच्या घरी परका माणूस राहत असेल आणि बापाला सांगितलं नसेल, तर अर्ज करता येतो. पोरीला आठवडाभर माझ्याकडे आणि सुट्टीला तुझ्याकडे, असंही होऊ शकतं. मी अजून सही केलेली नाही. तुला आधी कळवतोय, कारण मागून वार करायची माझी सवय नाही. ती सवय कुणाची, ते तूच ठरव.

कालचा दिवस वाईट गेला. मी तिच्यासाठी टोमॅटो शिवून ठेवला होता, मधोमध कापल्यासारखा, आत बिया भरतकामाच्या. तिने बघितला आणि ठेवून दिला. म्हटलं, हॉटेल मांड. म्हणाली, नको. म्हटलं, मी गिऱ्हाईक होतो. तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, तू खेळत नाहीस. तू विचारतोस."

त्यानंतर ती भिंतीकडे तोंड करून चित्रं काढत बसली. जेवली नाही. आज सकाळी म्हणाली, मला आत्ताच आईकडे जायचंय. ठरलेल्या वेळेच्या आधी तिला कधी सोडलं नव्हतं, आज सोडलं. फाटकापाशी तिने माझा हात सोडला आणि पळत गेली. मागे वळून बघितलं नाही. म्हणून हे पाकीट तुझ्या खालच्या टपालपेटीत टाकतोय.

पोरीला माझ्याविरुद्ध कोण शिकवतंय? तू की तो?


बुधवार, ६ जुलै

हे पोस्टाने पाठवतोय. रविवारपर्यंत दम निघणार नाही.

चिमणी घाईत निघाली तेव्हा तिची कापडी पिशवी माझ्याकडेच राहिली. मी काल ती कारखान्यात नेली. सगळं काढून बघितलं. हो, झडतीच घेतली, हा शब्द तू वापरण्याआधी मीच वापरतो. पाव होता, अंडं होतं, आणि मासा होता. माशाची शेपटी मी त्या दिवशी बोलण्याच्या नादात कच्ची लावली होती. ती आता पक्की होती.

या वेळी मी दोरा कापला नाही. मशीनवरचा दिवा खाली ओढला आणि बघितलं.

बाहेरून टाका दिसतच नव्हता. जणू शेपटी माशाला जन्मापासून होती. शिवण दोन्ही अंगठ्यांनी जरा ताणली तेव्हा आतला दोरा दिसला. दोऱ्याला मेण लावलेलं. आणि टाके उलटे चाललेले. आपण सगळे ज्या बाजूने शिवतो त्याच्या विरुद्ध बाजूने. डाव्या हाताचा माणूस.

या टाक्याला आमच्या घरात चोरटाका म्हणायचे. आमच्या घरात म्हणजे घरातला एकच माणूस म्हणायचा. मी दहा-बारा वर्षांचा असताना त्याने मला तो शिकवायचा प्रयत्न केला. मी उजवा, तो डावा. माझ्या समोर बसून तो म्हणायचा, "माझ्याकडे आरशासारखं बघ." मला जमला नाही. आजही जमत नाही.

मी दिवा बंद केला. शेजारचा कारागीर म्हणाला, "काय झालं रे, दात परत दुखतोय का?"

मी बाहेर जाऊन ताईला फोन लावला. किती महिन्यांनी लावला. इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "नाना कुठे आहेत?"

ती म्हणाली, "तुला कोण बोललं?"

"मासा बोलला."

"काय?"

"ताई, नाना कुठे आहेत?"

मग तिने सांगितलं. तुला सगळं माहीतच आहे, पण मला ते काय सांगितलं गेलं हे तुला माहीत नसेल म्हणून लिहितो. त्यांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. ताईच्या गावात इलाज नव्हता, तुझ्या घराजवळच्या इस्पितळात आणलं. ऑपरेशन झालं, पण तोंडाने खाणं बंद झालं. पोटाला नळी बसवली. दर आठवड्याला नळी बघायला इस्पितळातला माणूस घरी येतो, तोच तो बॅगवाला. इतक्या लांबचा प्रवास झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी जवळच ठेवा म्हटलं. ताईने खोली शोधायला सुरुवात केली तेव्हा तू म्हणालीस, "खोली कशाला? माझ्या घरी खोली आहे."

थंडीचे दिवस होते तेव्हा. म्हणजे मी तुझ्याकडून पोरीला न्यायला येत होतो, खाली फाटकाशी उभा राहत होतो, आणि वर माझा बाप झोपलेला होता.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"नानांनी शपथ घातली. त्याला कळवलंत तर मी उठून चालायला लागेन म्हणाले. उठून चालायची ताकद नाही रे त्यांच्यात. पण म्हणाले."

मग ती रडता रडता मध्येच हसायला लागली. म्हणाली, "तुझी चिमणी रोज संध्याकाळी त्यांना जेवायला वाढते. ते जेवतात."

"तोंडाने खायचं नाही ना?"

"तू शिवलेलं खातात रे. ताटली छातीवर ठेवून. ऑर्डर देतात, नावं ठेवतात, पुन्हा मागतात. बाकी दिवसभर भिंतीकडे बघत पडलेले असतात."

खरं सांगू? पहिल्यांदा मला रागच आला. तू काय मिळवलंस यातून? मला सगळ्यांच्या नजरेत लहान करायला हे केलंस का? बघा, मुलगा विचारत नाही आणि सोडून गेलेली सून करते. असं लोक म्हणत असतील. म्हणत असतीलच. मी रात्री जेवताना हाच हिशेब करत होतो आणि घास गिळताना थांबलो. मग जेवण तसंच राहिलं.

वकिलाला नाही म्हणून कळवलं आहे.

मी तुझ्याकडे येऊ का, असं विचारायचं होतं. पण तू नाही म्हणालीस तर काय, म्हणून विचारत नाही. शनिवारी येतो. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.


सोमवार, ११ जुलै

तू दार उघडलंस. एवढंच म्हणालीस, "चपला बाहेर काढ, आत निर्जंतुक ठेवावं लागतं." मी तुझ्याकडून बऱ्याच वाक्यांची तयारी करून आलो होतो, हे वाक्य त्यात नव्हतं.

तू दूध तापवायला आत गेलीस आणि चिमणीलाही नेलंस, मुद्दाम नेलंस हे मला कळलं. त्यानंतर खोलीत जे झालं ते तुला माहीत नाही. सांगायला हवं असं वाटतं. समोर बसून सांगता येणार नाही.

मी दारात उभा राहिलो. पलंगावर एवढंसं काहीतरी होतं. आमचे नाना उभे राहिले की चौकटीला डोकं लागायचं. कापड मापायची फीत गळ्यात टाकून ते दुकानात उभे असायचे तेव्हा गिऱ्हाईक आपोआप पोट आत घ्यायचं. पलंगावर त्यांचं फक्त नाक जुन्या मापाचं उरलं होतं. दाढी पांढरी, खुंट वाढलेले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज येत नाही, कुजबुज येते. मला खाली वाकावं लागलं.

"मासा चांगला होता," म्हणाले. "शेपटीला घाई केलीस."

मी म्हटलं, "बोलत होतो तेव्हा."

"सुई चालू असताना बोलायचं नाही."

लहानपणी याच वाक्यावर मार खाल्लाय. मी खुर्ची ओढली. तुझ्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा जरा जास्त.

मी विचारलंच. "मला का नाही कळवलंत? मी मेलो होतो का?"

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग ओठ हलले. मी कान नेला.

"तू आला असतास," ते म्हणाले. थांबले. दम घेतला. "तर आधी हिच्या घरात काय काय आहे ते बघितलं असतंस. मग मला."

मी काहीतरी उत्तर देणार होतो. तोंड उघडलंसुद्धा. पण खरी गोष्ट अशी की, तू दार उघडल्यापासून त्यांच्या खोलीपर्यंत येताना माझं चपलांचं कपाट बघून झालं होतं, भिंतीवरच्या खुंट्या बघून झाल्या होत्या, आणि न्हाणीघराच्या दारातून किती दात घासायचे ब्रश आहेत तेही. बाप पलंगावर आहे हे माहीत असताना. पाय आपोआप हळू झाले होते. मी तोंड मिटलं.

"दिसतं रे तुला सगळं," ते म्हणाले. "माझ्यासारखंच. मीही तुझ्या आईला..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मी ते विचारलं नाही. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, आता काय विचारायचं? पण ती माहेरी गेली की नाना दुकान बंद करून स्टँडवर का जाऊन बसायचे, याचा मी पोरवयात वेगळा अर्थ लावला होता. मला वाटायचं, तिची वाट बघतात.

तेवढ्यात चिमणी ताटली घेऊन आली. मला बघून दारातच थांबली. तिच्या तोंडावर जे होतं ते बघून मला स्वतःची लाज वाटली. घाबरली होती. मी आता पुन्हा विचारणार, असं तिला वाटलं.

मी काही विचारलं नाही. उठून खुर्ची तिला दिली आणि खाली बसलो.

तिने नानांच्या छातीवर ताटली ठेवली. टोमॅटो, अंडं, पाव; पिशवी मी येताना परत आणली होती. नानांनी पाव उचलला, नाकाशी नेला, भाजलाय का ते बघितलं, आणि तोंडाजवळ धरून सावकाश जबडा हलवला. किती वेळ चावत होते. मी त्यांना आयुष्यात इतक्या चवीने जेवताना पाहिलेलं नाही. दुकानात ते उभ्या उभ्या जेवायचे.

"आज कसं झालंय?" तिने विचारलं.

"टोमॅटो आंबट आहे."

"मग बदलून देऊ?"

"नको," नाना म्हणाले. "आंबटच पाहिजे होता."

तू दाराशी उभी होतीस. तुझे डोळे कुठे होते ते मी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, याची नोंद घे.

जाताना जिन्यात तुला म्हटलं, "तू हे का केलंस?" तू म्हणालीस, "ते एकटेच असे होते ज्यांनी त्या दिवशी मला खोटं ठरवलं नाही." आणि दार लावलंस. जोरात नाही लावलंस. पण लावलंस.


मंगळवार, २६ जुलै

मंगळवारची सुट्टी मी मालकाकडून मागून घेतली आहे. त्या दिवशी मी येऊन बसत जाईन, तुला दुकानात पूर्ण वेळ थांबता येईल, हे तू मान्य केलंस त्याबद्दल आभार. तुझ्या अटी मी वाचल्या. कपाटं उघडायची नाहीत. शेजाऱ्यांशी बोलायचं नाही. तू यायच्या आत निघायचं. मान्य. हे तुझ्याच टेबलावर बसून लिहितोय. नाना झोपलेत.

आजचा दिवस सांगतो.

सकाळी तो बॅगवाला आला. चांगला माणूस आहे. त्याने मला नळीतून अन्न कसं द्यायचं ते शिकवलं. पिचकारी वर धरायची, हळूहळू सोडायचं, मग पाणी. पहिल्यांदा त्याने दिलं, दुपारी मी. नाना छताकडे बघत होते. बापाने मुलाला भरवायचं असतं, हे उलटं त्यांना बघवत नव्हतं.

पातळ पेज खाली उतरत होती. मध्येच त्यांनी बोट हलवलं. मी घाबरलो, दुखतंय का? वाकलो.

म्हणाले, "मीठ घातलंयस का?"

मला कळेना. जिभेला लागणारच नाही ते, मीठ असलं काय आणि नसलं काय! मग त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि हसू फुटलं. ते आवाज न करता हसत होते, पोट हलत होतं, नळी हलत होती. मी एका हाताने पिचकारी, एका हाताने नळी धरून, "नाना, हसू नका, सांडेल," म्हणत होतो आणि मीच जास्त हसत होतो. थोडं सांडलं. चादर बदलली आहे. ओली चादर गॅलरीत आहे.

संध्याकाळी शाळेतून चिमणी आली. तिने मला कामाला लावलं: एक फेल्टचा कांदा, सोलता येईल असा, पाकळीवर पाकळी. नानांनी डाव्या हाताने हवेत कात्री चालवून दाखवली, कुठे कापायचं ते. त्यांच्या हातात सुई दिली. ती त्यांना धरता आली, पण मासा शिवला तेव्हासारखी ओवता आली नाही. मी ओवून दिली. त्यांनी एक टाका घातला, दमले, सुई माझ्याकडे दिली. पुढचा मी घातला. असं करत अर्धा कांदा झाला. बघणाऱ्याला दोन्हींतला फरक कळेल. माझे मोठे दिसतात.

पोरीने आज मला एक प्रश्न विचारला. "बाबा, तू परत कधी विचारणार नाहीस ना?" मी म्हटलं, "विचारीन. सवय आहे. पण तू सांगू नकोस." तिला ते पटलं. मला वाटलं होतं, पटणार नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते तू मला लिहिलं नव्हतंस. नानांनी स्वतःच सांगितलं. पावसाळा निघेल, म्हणाले, पुढचं माप घेऊ नकोस. तुला हे माहीत असणार. तू हे एकटीने किती दिवस सांभाळलंस ते मी विचारत नाही. पण शनिवारीही मी येऊ शकतो. चिमणीला माझ्याकडे नेण्याऐवजी मीच इथे येईन. तू खोलीत येऊ नकोस, मी बाहेर येणार नाही, हवं तर असं ठरवू.

आता निघतो. तू यायची वेळ झाली. नानांची औषधं दिली आहेत, पाण्याचा जग भरला आहे, चिमणी शेजारच्या आजींकडे खेळतेय.

एक गोष्ट. दाराच्या मागे एक मोठी काळी छत्री टांगलेली आहे, लाकडी मुठीची. ती नानांची नाही, ते घराबाहेर जात नाहीत. बॅगवाल्याची नाही, तो रेनकोट घालून येतो. तुझी छत्री मला माहीत आहे. ही कुणाची, ते मी विचारणार नाही. हे लिहिलं म्हणजे विचारल्यासारखंच झालं, हेही मला कळतंय. पण खोडून टाकलं तर ते तुझ्यापासून लपवल्यासारखं होईल, म्हणून राहू देतो. तू उत्तर देऊ नकोस.

बाहेर जोरात पाऊस लागलाय. छत्री आहे तिथेच ठेवली आहे. मी भिजत जातोय.